चिन्ह आले की वाचणारा थांबतो

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ तालुक्यातील एका लहान गावाच्या ‘ड’ वर्गातील सार्वजनिक वाचनालयाचा मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी काहींची दृष्टी वयामुळे अधू झाली आहे, काहींना अक्षरओळख जेमतेम आहे आणि काहींना ऐकलेलेच अधिक ध्यानात राहते. त्यामुळे दिवेलागणीनंतर एक जण वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात, असा आमचा जुना परिपाठ आहे. अलीकडे आपल्या विज्ञान पुरवणीतला सूर्यमालेवरचा लेख असाच वाचला जात होता. लेख मनापासून लिहिलेला होता आणि भाषाही सोपी होती. त्यात पृथ्वीपासून सूर्याचे अंतर ‘१.५ × १०८ किलोमीटर’ असे छापलेले होते. वाचणाऱ्याने ते ‘एक पॉइंट पाच गुणिले एकशे आठ’ असे वाचले. एकशे आठ हा आकडा आमच्या ऐकणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा; जपमाळेचे मणी तितके असतात आणि रुग्णवाहिका बोलवायची तर तोच क्रमांक फिरवावा लागतो. म्हणून कोणालाच काही खटकले नाही. कोपऱ्यात बसलेल्या आठवीतल्या एका मुलीने मात्र वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला आणि मला विचारले, “काकाजी, एकशे बासष्ट किलोमीटर आलं. सूर्य नागपूरएवढाच दूर हाये का?”

यवतमाळहून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर आहे. मुलीचा गुणाकार अचूक होता, प्रश्नही अगदी योग्य होता आणि चूक तिची नव्हती. मूळ लेखात दहाच्या डोक्यावर उजवीकडे लहान आठ असणार, म्हणजे दहाचा आठवा घात असणार. संगणकावर मजकूर एका जागेहून दुसरीकडे नेताना तो लहान आठ खाली उतरला आणि दहाच्या शेजारी त्याच्याच उंचीचा होऊन बसला. दहाचा आठवा घात म्हणजे दहाला दहाने गुणत जाऊन आठ दहा एकत्र केलेली संख्या, एकावर आठ शून्ये, आपल्या भाषेत दहा कोटी. त्याची दीडपट पंधरा कोटी. सूर्य आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे आणि त्याच्या प्रकाशाला इथवर यायला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. एक अंक अर्ध्या ओळीने खाली सरकला आणि पंधरा कोटींचे एकशे बासष्ट झाले.

छपाईतली चूक कोणाच्याही हातून होऊ शकते आणि तिच्याविषयी तक्रार करणे हा या पत्राचा हेतू नाही. मला त्या संध्याकाळी दुसरीच गोष्ट जाणवली आणि ती आपल्यापर्यंत पोहोचवावीशी वाटली. आकडा बरोबर छापला गेला असता, तर आमचा वाचणारा तिथे थांबला असता. दहावर लहान आठ कसा वाचायचा हे त्याला कोणी सांगितलेले नाही. त्यानंतर मी काही आठवडे मुद्दाम लक्ष ठेवले. वाचणारे वेगवेगळे असतात, त्यांत बारावी झालेले तरुणही असतात. पण ओळीत गणिती चिन्ह आले की बहुतेक जण क्षणभर गप्प होतात, मग चिन्ह गाळून पुढे जातात किंवा “इथं काहीतरी गणित हाये” असे म्हणतात. अवघड शब्द आला तर हेच लोक तो अडखळत का होईना वाचतात, चुकीचा उच्चार करतात, कोणीतरी दुरुस्त करतो आणि शब्द सगळ्यांचा होतो. चिन्हाच्या बाबतीत हे घडत नाही, कारण चिन्ह तोंडाने उच्चारायची वस्तू आहे हेच आपण लोकांना शिकवलेले नाही. माझे स्वतःचे शिक्षण मराठी विषय घेऊन बी.ए.पर्यंतचे आहे आणि दहावीनंतर गणिताशी माझाही संबंध सुटला होता. भाषेच्या विद्यार्थ्याला जे दिसते तेच मी इथे मांडतो आहे: गणितातले चिन्ह हे एखाद्या शब्दाचे किंवा पूर्ण वाक्याचे आखूड रूप असते, आणि जे वाक्य आहे ते आपल्या भाषेत मोठ्याने वाचता आलेच पाहिजे.

चिन्हे हा ग्रामीण माणसाचा प्रांत नाही, असे कोणी म्हणू नये. आमच्या गावात ‘७/१२’ असे लिहिलेले कोणालाही दाखवा, तो ‘सातबारा’ असेच वाचेल. सात भागिले बारा, असे मनातही कोणाच्या येत नाही. ती तिरपी रेघ भागाकाराची नसून गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकाच उताऱ्यात जोडणारी आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. तीच रेघ गट क्रमांकात येते तेव्हा तिचा अर्थ बदलतो: ‘४५/२’ म्हणजे पंचेचाळीस क्रमांकाच्या गटाचा दुसरा हिस्सा. त्याच उताऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात ‘०.८१.००’ असे लिहिलेले असते. एका संख्येत दोन टिंबे शाळेच्या गणितात कधीच येत नाहीत. पण इथे पहिले टिंब हेक्टर आणि आर यांच्यामध्ये आहे, दुसरे आर आणि चौरस मीटर यांच्यामध्ये, आणि शंभर आर म्हणजे एक हेक्टर. आमच्याकडचा साठी उलटलेला शेतकरी तो आकडा पाहून क्षणात सांगतो की हे दोन एकर झाले. एक एकर म्हणजे सुमारे साडेचाळीस आर, त्याची दुप्पट एक्याऐंशी. त्याचे उत्तर बरोबर असते. उलट ‘१.२’ आणि ‘१.०२’ यांतला फरक ज्याला सांगितलेला नाही, असा शिकलेला मुलगा एक हेक्टर दोन आर जमिनीला एक हेक्टर वीस आर समजतो आणि अठरा आरांची चूक करतो; ती जवळजवळ अर्ध्या एकराची चूक आहे.

पैसेवारीचेही, म्हणजे पीक किती आले याच्या सरकारी अंदाजाचेही तसेच. ‘सेहेचाळीस पैसे’ असा आकडा जाहीर झाला की त्याचा रुपयापैशांशी काही संबंध नाही, पीक सोळा आणे धरले तर त्याच्या निम्म्याहूनही कमी हाती आले आहे, आणि पन्नासच्या खाली गेल्यामुळे टंचाईच्या सवलतींचा विचार होईल, हे चावडीवर बसलेला प्रत्येक जण जाणतो. ही शुद्ध टक्केवारी आहे. तिला पैशांचा वेश दिलेला आहे, आणि पूर्वी आण्यांचा होता, इतकेच. बाजार समितीचे भाव ‘६८००-७२००’ असे छापलेले असतात तेव्हा ती आडवी रेघ वजाबाकीची नाही, ‘पासून, पर्यंत’ या अर्थाची आहे, हेही कोणाला समजावून द्यावे लागत नाही. या प्रत्येक खुणेबरोबर तिचे वाचन लोकांपर्यंत आले. तलाठ्याने वाचून दाखवले, अडत्याने वाचून दाखवले, वडिलांनी वाचून दाखवले. शाळेतल्या चिन्हांना असे वाचून दाखवणारे कोणी भेटले नाही, एवढाच फरक मला दिसतो.

आमच्या वाचनालयाला एका घरातून जुन्या कागदांसोबत एक बही, म्हणजे हिशोबाची वही, मिळाली आहे. तिच्यात जमीन आणि धान्य यांच्या नोंदी ‘१।’, ‘१॥’, ‘१॥।’ अशा आहेत. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ही चिन्हे पाहताच घरातले म्हातारे सव्वा, दीड, पावणेदोन असे सरळ वाचतात. मराठीत या अपूर्णांकांना स्वतंत्र शब्द आहेत, त्यांचे पाढेही होते, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीसुद्धा. आता त्याच घरातली नात ‘तीन छेद दोन’ असे वाचते. ते वाचन चुकीचे नाही, पण तीन छेद दोन आणि आजीचा दीड हे एकच आहेत, अशी ओळख तिला कोणी करून दिलेली नाही. मी स्वतः तिला विचारून पाहिले. तिला दीड लिटर तेल म्हणजे किती हे ठाऊक होते आणि तीन छेद दोनचे उदाहरणही सोडवता येत होते. फक्त या दोन गोष्टी तिच्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होत्या.

या चिन्हांचा इतिहास मी जमेल तसा वाचला, तेव्हा एक गोष्ट पुनःपुन्हा समोर आली. यांतले जवळजवळ प्रत्येक चिन्ह एखाद्या शब्दाचा कंटाळा आल्यामुळे जन्मले आहे. अधिक आणि वजा ही चिन्हे छापील पुस्तकात पहिल्यांदा आली ती १४८९ साली, योहानेस विडमान याने लाइपझिगला काढलेल्या व्यापारी हिशोबाच्या पुस्तकात. माल ठरल्यापेक्षा किती जास्त भरला आणि किती कमी भरला, याच्या त्या नोंदी होत्या. कापसाच्या काट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला याहून जवळचा विषय नसेल. बरोबरचे चिन्ह १५५७ चे. वेल्समध्ये जन्मलेले रॉबर्ट रेकॉर्ड हे वैद्य होते आणि गणिताची पुस्तके विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता सामान्यांना कळणाऱ्या इंग्रजीत लिहीत. ‘याच्याशी समान आहे’ हे शब्द पुन्हापुन्हा लिहिणे टाळण्यासाठी त्यांनी दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघा घेतल्या, आणि कारण असे दिले की कोणत्याही दोन वस्तू यांच्याहून अधिक समान असू शकत नाहीत. दहाच्या डोक्यावरचा तो लहान अंक १६३७ साली छापलेल्या फ्रेंच गणितज्ञ रने देकार्त यांच्या भूमितीच्या ग्रंथापासून रूढ झाला.

आपल्याकडे हे काम त्याच्याही कितीतरी आधी सुरू झाले होते. भास्कराचार्यांचे बीजगणित बाराव्या शतकातले, १११४ साली जन्मलेल्या माणसाचे. त्यात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणजे ‘जितकी असेल तितकी’ असे नाव आहे आणि लिहिताना त्याचे फक्त ‘या’ हे पहिले अक्षर घेतलेले आहे. ज्ञात संख्येसाठी ‘रू’, वर्गासाठी ‘व’, घनासाठी ‘घ’. एकाहून अधिक अज्ञात राशी असतील तर पुढच्या राशींना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. या पद्धतीत वाचणाऱ्याला अडायला जागाच नव्हती, कारण प्रत्येक खूण ही ओळखीच्या शब्दाचे पहिले अक्षर होती. त्याहून जुन्या बख्शाली हस्तलिखितात, जे १८८१ साली पेशावरजवळ सापडले, ऋण संख्येच्या पुढे जी खूण आहे ती हुबेहूब आजच्या अधिकसारखी दिसते. तिथे अधिकाची आकृती वजा सांगते. चिन्हाच्या आकारात अर्थ नसतो, तो वाचणाऱ्यांच्या आपसातल्या कबुलीत असतो, याचा इतका स्पष्ट दाखला मला दुसरा मिळाला नाही. ज्याला चिन्ह कळत नाही त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. त्याला ती कबुली सांगायची राहिलेली असते.

ऋण हा शब्द तर आमच्या भागात कोणाला शिकवावा लागणार नाही. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली धन आणि ऋण यांच्या बेरजेचे, वजाबाकीचे आणि गुणाकाराचे नियम लिहिले, तेव्हा त्यांनी घेतलेले शब्द संपत्ती आणि कर्ज असेच होते. शाळेत ‘वजा वजा अधिक’ हे मुले घोकतात आणि का ते विचारत नाहीत. मी त्या आठवीतल्या मुलीला एका काल्पनिक शेतकऱ्याचे उदाहरण दिले: घरात चाळीस हजार रुपये आहेत आणि डोक्यावर दीड लाखाचे पीककर्ज आहे, म्हणजे एकूण परिस्थिती उणे एक लाख दहा हजार. आता कर्जमाफीत ते दीड लाख वजा झाले. उणे एक लाख दहा हजारांतून उणे दीड लाख वजा केले, आणि हाती राहिले अधिक चाळीस हजार. ऋण वजा होणे म्हणजे तेवढे धन मिळणे. तिला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. तिच्या घरी हा हिशोब नियम म्हणून नव्हे, आयुष्य म्हणून घडलेला होता.

मराठी वाचनातली एक अडचण इथे नोंदवतो, कारण ती आपल्याच भाषेची आहे आणि तिच्याकडे भाषेच्या माणसाने लक्ष दिले पाहिजे. समानतेचे चिन्ह आपण ‘बरोबर’ असे वाचतो. मराठीत ‘बरोबर’ म्हणजे अचूक, ‘बरोबर’ म्हणजे सोबत, आणि ‘बरोबर’ म्हणजे समानही. ‘तीन अधिक चार बरोबर सात’ असे वर्षानुवर्षे म्हणणाऱ्या मुलाच्या मनात त्या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ असा घट्ट बसतो. त्याला ‘सात बरोबर तीन अधिक चार’ असे उलटे लिहून दाखवले की तो म्हणतो, हे चुकले. ‘तीन अधिक चार बरोबर पाच अधिक दोन’ हे तर त्याला अपुरेच वाटते. मी आमच्या वाचनालयात येणाऱ्या मुलांना हे लिहून दाखवले आणि बहुतेकांनी शेवटी आणखी एक बरोबर काढून सात लिहिले. पुढे बीजगणितात एखादे पद एका बाजूकडून दुसरीकडे नेले की त्याचे चिन्ह का बदलते, हे अशा मुलाला कळणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन बाजू नाहीतच, एका बाजूला प्रश्न आहे आणि दुसऱ्या बाजूला उत्तराची रिकामी जागा. तराजूची दोन पारडी त्याला दाखवली आणि एका पारड्यातून किलोचे माप उचलले तर दुसऱ्यातूनही उचलावे लागते हे हाताने करू दिले, तर ही गाठ सुटते. निदान पहिली काही वर्षे हे चिन्ह ‘इतकेच’ किंवा ‘समान’ असे वाचावे, असे मला वाटते. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात एकवीस हा आकडा ‘वीस एक’ असा वाचण्याची सोय केली तेव्हा दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. संख्या कशी वाचावी यावर महाराष्ट्र इतका जिव्हाळ्याने बोलू शकतो, तर चिन्हे कशी वाचावीत यावरही बोलू शकेल, असा विश्वास मला त्या वादातून मिळाला.

अक्षरांचेही असेच आहे. ‘पी एन आर भागिले शंभर’ हे सरळव्याजाचे सूत्र मी पाठ केले होते, पण त्यातला एन म्हणजे वर्षांची संख्या हे मला शाळेत कोणी सांगितले नाही. मुद्दल, दर आणि मुदत असे तीन शब्द आधी लिहून मग त्यांची अक्षरे केली असती, तर सूत्र पाठ करायची गरजच उरली नसती. आणि ज्या अज्ञात एक्सची मुलांना धास्ती वाटते, तो तर आमच्या गावात प्रत्येक घरी येऊन गेलेला आहे. १८९५ साली जर्मन शास्त्रज्ञ रोंटगेन यांना जे किरण सापडले त्यांचे स्वरूप कळलेले नव्हते, म्हणून त्यांनी बीजगणितातले अज्ञात राशीचे अक्षर त्यांना दिले, आणि मराठीने त्याच अज्ञात राशीचे आपले अक्षर घेऊन त्यांना क्ष-किरण म्हटले. पाय मोडला की जिल्ह्याच्या गावी जाऊन ज्याने फोटो काढतात, तो क्ष आणि समीकरणातला क्ष एकच आहेत, असे सांगितल्यावर ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा परकेपणा गेलेला मी पाहिला आहे.

आता जे सांगायचे आहे ते अधिक गंभीर आहे, कारण त्यात पैसा आणि जीव दोन्ही गुंतलेले आहेत. कृषी केंद्रात खताच्या पोत्यावर ‘१०:२६:२६’ असे लिहिलेले असते आणि सगळे त्याला दहा-सव्वीस-सव्वीस म्हणतात. शाळेत दोन टिंबांची ही खूण गुणोत्तराची म्हणून शिकवलेली असते. आमच्या गावातल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने तिचा तसाच अर्थ घेतला: एकूण भाग बासष्ट, त्यांपैकी नत्राचे दहा, म्हणून पन्नास किलोच्या पोत्यात नत्र सुमारे आठ किलो. शाळेतल्या रीतीप्रमाणे त्याचे काहीच चुकले नव्हते. परंतु पोत्यावरचे ते आकडे गुणोत्तर नाहीत, ते वजनाचे टक्के आहेत: नत्र दहा टक्के, स्फुरद सव्वीस टक्के, पालाश सव्वीस टक्के. पन्नास किलोच्या पोत्यात नत्र पाच किलोच आहे. गुणोत्तर असते तर दोनने भागून ५:१३:१३ असे लिहिता आले असते आणि अर्थ बदलला नसता. पोत्यावर तसे लिहिले तर ते निम्म्या ताकदीचे निराळे खत ठरेल. पोत्यावर ‘शेकडा’ हा एक शब्द ठळक छापलेला असता तर मुलगा चुकला नसता.

टक्क्याच्या चिन्हाची गोष्ट याहून नाजूक आहे. बँकेच्या कागदावर जो व्याजदर टक्क्यांत लिहिलेला असतो तो वर्षाचा असतो. गावात खासगीत पैसे देणारा ‘शेकडा दोन’ म्हणतो तो महिन्याचा. बँकेचा दर नऊ असेल तर कानाला दोन हे नऊपेक्षा लहान वाटतात आणि माणूस दोनकडे जातो, प्रत्यक्षात ते वर्षाला चोवीस होतात. चिन्ह ‘शंभरात किती’ एवढेच सांगते. कशाच्या शंभरात आणि किती काळात, हे शब्दांनीच सांगावे लागते, आणि ते शब्द बहुतेक वेळा गाळलेले असतात.

फवारणीच्या औषधांवरही टक्के असतात. इमिडाक्लोप्रिड हे एकच नाव असलेले औषध १७.८ टक्के द्रवरूपात मिळते आणि ७० टक्के दाणेदार रूपातही मिळते. दुसऱ्यात मूळ घटकाचे प्रमाण जवळजवळ चौपट आहे. नाव वाचून मात्रा तीच ठेवली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. डब्यावर चौकोनात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो आणि तो विषाच्या तीव्रतेचा उतरता क्रम दाखवतो, लाल सर्वांत तीव्र. पण हा क्रम मी ज्यांना ज्यांना विचारला त्यांपैकी थोड्यांनाच सांगता आला. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती आणि ती सारी न वाचलेल्या चिन्हांवर ढकलणे अन्यायाचे होईल. तरीही त्या वर्षीच्या बातम्या ज्या खोलीत मोठ्याने वाचल्या गेल्या, त्या खोलीत बसून मी हे लिहितो आहे, आणि डब्यावरची बारीक अक्षरे व आकडे वाचून दाखवणारे कोणी त्या शेतांवर असायला हवे होते, हे मला विसरता येत नाही.

पदावलीतल्या क्रमाविषयी थोडेसे. ‘कंचेभागुबेव’ हा शब्द मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला आठवतो: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. दोन अधिक तीन गुणिले चार याचे उत्तर वीस नसून चौदा आहे, ते याच क्रमामुळे. दोन रुपयांचे खोडरबर आणि चार रुपयांच्या तीन पेन्सिली घेतल्या तर किती झाले, असे विचारले की हा क्रम कोणालाही न शिकवता पाळता येतो. आणि ‘चे’ हे तर आपल्या षष्ठीच्या प्रत्ययालाच दिलेले गणिती काम आहे. ‘वीसचे तीन चतुर्थांश’ म्हणताना आपण गुणाकार बोलतो. आपल्या व्याकरणाने गणिताला एक चिन्ह दिले आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

यावरून आपल्याला माझी विनंती अशी आहे. बातमीत किंवा लेखात गणिती चिन्ह पहिल्यांदा येईल तिथे त्याचे मराठी वाचन शब्दांत द्यावे. ‘दहाचा आठवा घात, म्हणजे दहा कोटी’ एवढे पाच-सहा शब्द पुरतात, त्यासाठी ओळभरही जागा लागत नाही. ‘दशलक्ष’ आणि ‘अब्ज’ यांतले आकडे लाख-कोटींतही द्यावेत. टक्क्यांचा आकडा येईल तिथे ‘कशाचे टक्के आणि किती काळाचे’ हे शब्द गाळू नयेत. घातांक खाली उतरला तर अर्थ बदलतो हे आपल्या मुद्रितशोधकांच्या ध्यानात आणून द्यावे. जिथे तो वर ठेवणे यंत्राला जमत नसेल तिथे चिन्ह सोडून सरळ शब्द छापावेत. आणि शक्य असल्यास रविवारच्या पुरवणीत चार बोटे जागा एकेका चिन्हासाठी ठेवावी: ते कसे वाचायचे, कोठून आले, आणि आपल्या व्यवहारात कुठे भेटते. खताची पोती, सातबारा, वीजबिल, पीकविम्याची पावती, औषधाची चिठ्ठी एवढ्यावरच वर्षभराचा मजकूर होईल. शिक्षकांनी हे करायला हवे हे खरे. पण आमच्याकडे संध्याकाळी जे ऐकायला बसतात त्यांची शाळा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच सुटली आहे आणि त्यांच्यापर्यंत रोज पोहोचणारे छापील अक्षर फक्त आपले आहे.

त्या लेखातल्या आकड्याची दुरुस्ती आपण छापाल, अशी आशा आहे. जागा कोणत्याही पानावर चालेल. मी ती कापून वाचनालयाच्या फलकावर लावणार आहे, आणि त्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर केलेला गुणाकारही तिच्या परवानगीने त्या दुरुस्तीशेजारी लावणार आहे. म्हणून त्या ओळीत ‘दहाचा आठवा घात’ हे शब्द अक्षरांतच असावेत, म्हणजे फलकासमोर उभा राहून वाचणारा तिथे थांबणार नाही.

आपला विश्वासू,
एक ग्रंथपाल
ता. जि. यवतमाळ